तीन वाजता फिरणारं चाक

शैलू,

तू नेमकं काय काम करायचीस, हे गेल्या पंधरा दिवसांत मी निदान चौदा जणांना समजावून सांगितलं. भेटायला आलेला माणूस चहाचा कप खाली ठेवतो आणि विचारतो, "बहिणीची नोकरी कसली होती हो?" मी सरसावून बसतो. म्हणतो, आपण मोबाइलवर बटण दाबतो आणि पुढे नुसतं चाक फिरत राहतं ना, ते का फिरतंय हे ती शोधून काढायची. मुंबईतल्या मोठमोठ्या कंपन्यांची चाकं. माणूस गंभीरपणे मान हलवतो आणि म्हणतो, "अच्छा, म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्ती." चौदाच्या चौदा जण हेच म्हणाले. तुझी वहिनी आतून म्हणते, "समजावणाऱ्यालाच कळलेलं नाही, तर ऐकणाऱ्याला काय कळणार?"

तिला म्हणावं, मला कळलंय. एकदा, एका गुरुवारी दुपारी, हौदाशेजारी उभं राहून कळलं. आणि ज्या कारणाने कळलं ते कारण मी तुला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आज सांगतोय. आपल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या संघाच्या वार्षिक अंकात तुझ्यावर दोन पानं लिही म्हणाले, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. त्यांना वाटलं मला लिहायची हौस आहे. ती आहेच. अंक वाचणारे निम्मे लोक तुला ओळखतात, उरलेल्यांसाठी थोडं मागचं सांगतो. तू कंटाळू नकोस.

आपल्या वटारच्या वाडीतून, सांडोरहून, पार पूर्वेला चांदीपपर्यंतच्या शेतांतून भाजी निघते ती दुपारी. संघाच्या शेडमध्ये धुवायची, जुड्या बांधायच्या आणि संध्याकाळच्या टेंपोत चढवायची. टेंपोत जागा मोजकी. मी संघाचा चिटणीस, त्यामुळे ती जागा मी फोनवर द्यायचो आणि वहीत लिहायचो. माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नसे. एकदा मी एकाच कोपऱ्यात तीन घरांचं अळू बसवलं, तेव्हा सांडोरच्या एका बाईंनी भर शेडमध्ये विचारलं, "चिटणीस, हे आता तुमच्या डोक्यावर ठेवू का?" तू त्या दिवशी माहेरी आली होतीस. हसून हसून डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "दादा, वही दे इकडे."

मग विरारच्या तुझ्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून, रविवार रविवार करत तू सगळी व्यवस्था लिहिलीस. शेतकऱ्याने मोबाइलवर सभासद क्रमांक टाकायचा, किती जुड्या ते टाकायचं, जागा मिळाली की नाही ते तिथल्या तिथे समजायचं. मोबदला म्हणून राजेळी केळ्यांचा एक घड घेतलास आणि तोही जाताना शेजाऱ्यांना वाटलास. आपले अध्यक्ष वामनकाका, चांदीपचे भातशेतीवाले, त्यांनी विचारलं, "कोनत्या भाषेत लिवलंस पोरी?" तू म्हणालीस, "जावा." काकांचा चेहरा खुलला. "ती तर मी जवानीत चालवलीय. आवाज काय होता तिचा!" त्या नावाच्या मोटरसायकलविषयी ते दहा मिनिटं बोलले. तू त्यांना दुरुस्त केलं नाहीस. "मग काका, पहिली किक तुम्हीच मारायची," म्हणालीस आणि उद्घाटनाचं बटण त्यांच्याकडून दाबून घेतलंस.

तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग मी त्यात सुधारणा केली.

आपल्याकडे सभासद क्रमांक कुणाला पाठ असतो, शैलू? आपल्या एका आळीत पाच रमेश राऊत आहेत. टेंपोवाला काय, हमाल काय, सगळे घराच्या नावाने ओळखतात. पेरूवाले, उंच ओटीवाले, आणि आपण बत्तीवाले, कारण आजोबांकडे गावातली पहिली गॅसबत्ती होती आणि ती प्रत्येक लग्नाला जायची, आजोबांना आमंत्रण असो नसो. ज्या म्हाताऱ्यांना मोबाइल जमत नाही त्यांच्यासाठी त्या त्या आळीचा प्रमुख जागा मागतो. हे चाळीस प्रमुख माझ्या मागे लागले होते की घराच्या नावाने शोधता आलं पाहिजे. मी तुझ्याकडे विषय काढला. तू म्हणालीस, "पाहिजेच ते. पण नीट करावं लागेल. पुण्याहून आले की बसू." आणि लेकीकडे पंधरा दिवस गेलीस.

मला पंधरा दिवस धीर नव्हता. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या गृहस्थांना मी पासवर्ड दिला आणि म्हटलं, एक छोटीशी खिडकी टाकून द्या, घराच्या नावाचं अक्षर टाकलं की घर दिसलं पाहिजे. त्यांनी तासाभरात टाकली. थेट सर्व्हरवर. तुझ्याजवळच्या प्रोग्रॅमच्या प्रतीत तिचा मागमूस नव्हता आणि ती दिसायचीही फक्त आळीप्रमुखांना. मी इतका खूश झालो की कामाशिवायही दिवसातून चारदा 'बत्तीवाले' टाइप करून बघायचो, आपलं घर येतं का. यायचं. प्रत्येक वेळी मला नव्याने आनंद व्हायचा.

आठवड्याभरात दुपारी तीनला सगळ्यांच्या मोबाइलवर चाक फिरायला लागलं. बरोबर तीनला, म्हणजे भाजी धुऊन झाल्यावर. क्रमांक टाकून जागा मागणाऱ्यांचंही चाक फिरायचं, ही त्यातली गंमत. अळू मान टाकायला लागलं, मुळ्याची पानं पिवळी पडली आणि शेडमध्ये बोलणं सुरू झालं. नोकरीवाल्या बाईने फावल्या वेळात केलेलं काम, ते किती दिवस टिकणार? वामनकाकांनी तुला फोन केला तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. "पोरी, तुज्यानं होत नसंल तर सांग. त्यात लाजायचं काय?" पंचवीस वर्षं ज्या कामात तुझं नाव होतं त्या कामाबद्दल तुला हे ऐकावं लागलं. तिकडून तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. काका फोन ठेवून म्हणाले, "रविवारी सभा घेऊ. बंद करू ते आनि परत वही आनू." वही म्हणजे मी. चालू व्यवस्थेपेक्षा ती किती वाईट होती, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी माना डोलल्या.

कंपनीच्या गृहस्थांचं म्हणणं एकच होतं, मशीन लहान पडतंय, मोठं घ्या.

मी शपथेवर सांगतो, पहिले तीन दिवस माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. चौथ्या दिवशी आलं. आल्यावर मी ते तिथेच दाबून टाकलं.

गुरुवारी तू पुण्याहून परतलीस आणि सुट्टी वाढवून थेट शेडमध्ये आलीस. मी म्हटलं, "घरी बसून बघ ना, इथे चिखल आहे." तू म्हणालीस, "लोक जिथे अडकतात तिथे बसून बघायचं." हौदाशेजारी दोन क्रेट उलटे घातलेस, एकावर तू, एकावर लॅपटॉप. मी चहा घेऊन उभा. बायका मुळे धूत होत्या आणि तुझ्याकडे बघत होत्या, त्या बघण्यात फारसा जिव्हाळा नव्हता.

"आधी काय नाही ते काढून टाकू," म्हणालीस. संघाचं नुसतं पहिलं पान उघडलंस, ते चटकन आलं. म्हणजे वाट मोकळी आहे. मग मशीनवरचा भार दाखवलास. "हे बघ दादा. हे थकलेलं नाहीये, पाय पसरून बसलंय. मोठं आणलं तर ते आणखी पाय पसरेल." मग म्हणालीस, जावा मधेमधे आपल्या घरातला केर काढते, तेवढा वेळ सगळी कामं थांबतात, तो केर फार साठला असेल का ते बघू. त्याची नोंद उघडलीस. डोळ्याची पापणी लवायच्या आत केर निघत होता. तेही नाही. मला वाटत होतं तू आता दमशील. प्रत्येक 'हे नाही'बरोबर तू उलट ताजी होत होतीस.

बरोबर तीन वाजले, शेडमधले सगळे मोबाइल हातात आले, चाकं फिरायला लागली, आणि तू म्हणालीस, "आता."

"असं समज, सर्व्हरच्या आत दोनशे माणसं कामाला आहेत. बाहेरून कुणी काही मागितलं की एक माणूस धावतो. मी या क्षणाचा फोटो काढते, कोण कुठे उभा आहे त्याचा." काढलास. मी म्हटलं, "मग?" तू बोट वर केलंस. दहा सेकंदांनी दुसरा. पुन्हा दहा सेकंद. तिसरा. "एकदा उभा दिसला तर तो नुसता उभा असेल, दादा. तीनदा त्याच जागी उभा दिसला, तर तो अडकलाय."

तीन फोटो शेजारी शेजारी लावलेस. मला नुसत्या इंग्रजी ओळी दिसत होत्या, पण त्या तिन्हीकडे सारख्या होत्या हे मलाही दिसलं. तू सांगितलंस, नोंदी जिथे ठेवल्यात त्या कोठाराला दहाच दारं आहेत. दहाही दारांत कुणीतरी आत शिरून बसलंय आणि उरलेले एकशे नव्वद बाहेर रांगेत आहेत. रांगेतल्यांचं काम क्षणाचं आहे, पण दार मिळत नाही.

"आत कोण बसलंय?" मी विचारलं. जणू मला माहीतच नव्हतं.

"बघू की." तू कोठाराला विचारलेल्या सगळ्यात सावकाश प्रश्नांची यादी काढलीस. प्रश्न सगळे एकाच जातीचे होते. घराचं नाव फक्त जागेच्या नोंदीपुढच्या शेऱ्यात लिहिलेलं असायचं, त्यामुळे एकेका अक्षरासाठी तीन वर्षांच्या झाडून सगळ्या नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जात होत्या. पेरू, पेरूव, पेरूवा. माणूस एक नाव टाइप करायचा, कोठार सहा वेळा उपसलं जायचं. तू ओळीवरून बोट फिरवत खाली येत होतीस. मग बोट थांबलं.

ब. बत. बत्त. बत्ती. बत्तीवा.

"दादा, आपल्या घराला कोण शोधतंय?"

"असेल कुणीतरी," मी म्हणालो. "आळीप्रमुखांपैकी."

"आपल्या आळीचा प्रमुख कोण आहे?"

"मीच की."

तू माझ्याकडे बघितलंस. दोन फोटोंमध्ये थांबतेस तेवढा वेळ. मग "बरं" म्हणालीस आणि लॅपटॉप मिटलास. माझ्या हातातला चहा गार झाला होता, तो मी तुला तसाच दिला आणि तू तो पिऊनही टाकलास.

मला वाटलं होतं तू ती खिडकी उपटून फेकशील. तू ती ठेवलीस. शुक्रवार-शनिवारात नव्याने बांधलीस. घरांच्या नावांची वेगळी यादी केलीस, तीन अक्षरं झाल्याशिवाय शोध सुरूच होणार नाही असं केलंस आणि शोधणाऱ्यांसाठी दोन दारं वेगळी काढून ठेवलीस, म्हणजे त्यांनी कितीही गर्दी केली तरी बाकीच्यांची आठ दारं मोकळी. शनिवारी तीनला सांडोरच्या त्याच बाईंनी मोबाइल कानाशी नेऊन हलवून बघितला. "एवढ्यात आलं? बंद तर नाही ना पडलं?" त्यांना खात्री पटेना.

रविवारच्या सभेत तू चार वाक्यांत सगळं सांगितलंस. वामनकाकांनी विचारलं, "ती खिडकी लावली कोनी?" माझ्या समोर कागद होता, मी त्यावर विनाकारण समास आखत होतो. तू म्हणालीस, "काका, माझं काम कुठे अडलंय ते शोधायचं. ते सापडलं. आणि खिडकी हवीच होती, ती मीच आधी द्यायला पाहिजे होती."

व्यवस्था वाचली. आणि मी, सभेचा चिटणीस, इतिवृत्तात लिहिलं: 'सौ. शैला यांच्या व्यवस्थेतील त्रुटी त्यांनी स्वतः दूर केली.' सुवाच्य अक्षरात लिहिलं, तेवढ्यापुरतं मला चांगलं अक्षर आलं. तू निमंत्रित होतीस म्हणून कागद तुझ्याकडे सहीला आला. तू तो पूर्ण वाचलास. पेन मागितलंस. सही केलीस.

पुढे दोन वर्षांत आपण यावर कधीच बोललो नाही. बोललो ते आडून. त्या दिवाळीत फराळाला बसलो असताना तू ऑफिसातली कसलीशी गोष्ट सांगत होतीस, कुणाच्या तरी चुकीने अर्धा दिवस काम ठप्प झालं त्याची. मी तावातावाने म्हणालो, चूक करणाऱ्याचं नाव लिहिलंच पाहिजे, त्याशिवाय लोक सुधारत नाहीत. तू म्हणालीस, "नावं शोधायला लागलं की लोक नोंदी लपवायला लागतात, मग काहीच सापडत नाही." मी म्हटलं, "हे तुमचं ऑफिसातलं शहाणपण. जबाबदारी म्हणून काही असते." तू चकली तोडलीस आणि शांतपणे विचारलंस, "तुला खरंच असं वाटतं, दादा?" मी चकलीला तीळ कमी पडलेत का, हा विषय काढला.

त्या सभेत तू मला भाऊ म्हणून वाचवलंस, की तुझ्या कामाचा तो नियमच होता? हे मला विचारायचं होतं. भाऊ म्हणून वाचवलं असशील तर मला लाज वाटते. नियम म्हणून असेल तर थोडं वाईट वाटतं. मी कसा माणूस आहे बघ, दोन्हीकडून मलाच काहीतरी हवं आहे.

शेवटच्या महिन्यात बोलताना तुला धाप लागायची. तरी मी समोर असलो की तीनला तू विचारायचीस, "पटकन येतंय?" मी म्हणायचो, "बोट उचलायच्या आत." तू डोळे मिटून हसायचीस. एकदा मी खुर्ची पुढे ओढली, म्हटलं, "शैलू, ती बत्तीवाल्यांची गोष्ट..." तू म्हणालीस, "पाणी दे." मी पाणी दिलं. तू दोन घोट घेतलेस आणि झोपलीस. तुला खरंच तहान लागली होती की पुरे म्हणायचं होतं, हे मला माहीत नाही. मी मात्र तहानच धरून चाललो. ते सोयीचं होतं.

तुझ्या ऑफिसची आठ-दहा माणसं आली होती निरोपाला. त्यातली एक बाई मला म्हणाली, "मॅडमनी आम्हाला एकच शिकवलं. तीन फोटो काढल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." मी म्हणालो, "हो, ते मी प्रत्यक्ष बघितलंय. हौदाशेजारी." तिने माझ्याकडे इतक्या आदराने पाहिलं की मी ताठ उभा राहिलो. स्मशानात छाती पुढे काढून उभा असलेला माणूस लोकांनी पहिल्यांदाच बघितला असेल. बघू देत. मुंबईत काचेच्या इमारतींमध्ये ज्यांची चाकं तू थांबवलीस त्यांना कदाचित तुझं नावही ठाऊक नसेल. पण चाळीस आळ्यांतल्या ओल्या, मातीच्या हातांनी बटण दाबलं की उत्तर येतं, ते माझ्या बहिणीचं काम आहे. हे मी सांगत सुटणार. लोकांना ते कॉम्प्युटर दुरुस्ती वाटलं तरी सांगणार.

परवा संघाची सभा झाली. शोकप्रस्ताव झाला, दोन मिनिटं सगळे उभे राहिले आणि बसले. मी उभाच राहिलो. म्हटलं, मला जुन्या इतिवृत्तात एक दुरुस्ती सुचवायची आहे. आणि सगळं सांगितलं. पासवर्ड, खिडकी, बत्तीवाले, सही. सांगायला जेमतेम पाच मिनिटं लागली. मी या पाच मिनिटांना दोन वर्षं भीत होतो.

वामनकाका म्हणाले, "मी तिला फोनवर काय बोललो होतो, ऐकलं होतंस ना तू?"

"हो, काका."

"बाजूलाच बसला होतास."

"हो."

"मग मला आता जे बोलायचंय, ते मी कोनाला बोलू?"

मी दुरुस्तीचा कागद उघडला, शैलू.

दुरुस्तीला अनुमोदक लागतो. मी सभेकडे बघत होतो आणि सभा जमिनीकडे. एकही हात वर येईना. तेव्हा काका उठले. अध्यक्षाला खुर्चीवरून अनुमोदन देता येत नाही, म्हणून ते गुडघ्यावर हात टेकत खाली उतरले, बाकावर सांडोरच्या बाईंच्या शेजारी येऊन बसले आणि तिथून त्यांनी हात वर केला. "वाच काय लिवलंस ते."

मी वाचायला लागलो, "कै. शैला यांनी..."

"ते कै. काढ."

मी म्हटलं, "काका, लिहायची पद्धत आहे."

"दुरुस्ती त्या दिवसाची आहे ना? त्या दिवशी ती हितं बसली होती, सही करत. काढ."

मी काढलं. पेन नीट चालत नव्हतं, दोनदा गिरवावं लागलं. आता तिथे असं आहे: 'सौ. शैला यांच्या व्यवस्थेत कोणतीही त्रुटी नव्हती. चिटणिसांनी त्यांना न विचारता केलेल्या बदलामुळे काम मंदावले. त्याचे कारण सौ. शैला यांनी एका दुपारी शोधून काढले व दोन दिवसांत ते दूर केले. सूचक, चिटणीस. अनुमोदक, वामनकाका.' काकांचं पूर्ण नाव लिहायला हवं होतं, पण ते म्हणाले, ती काका म्हणायची, तसंच राहू दे.

एकमताने मंजूर झालं, शैलू.